दिवाळसणाचा कार्बन

दिवाळसणाला जावयाने रुसून काय मागावं याला काही मर्यादा असतात, हे मला माझा दिवाळसण होऊन गेल्यावर कळलं.

आमच्याकडची रीत साधी आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासरी जातो. पंगत बसते, पानं वाढून होतात, आणि जावई पानाला हात न लावता मान खाली घालून गप्प बसतो. याला रुसणं म्हणतात. मग सासरा म्हणतो, "काय हवं?" जावई अंगठी म्हणतो, घड्याळ म्हणतो, फारच पुढारलेला असला तर सायकल म्हणतो. सासऱ्याने ते आधीच आणून ठेवलेलं असतं. तो ते देतो, जावई हसतो आणि मंडळी जेवतात. मुख्य म्हणजे भाऊबीज होईपर्यंत जावयाला 'नाही' म्हणायचं नसतं. रागवायची तर गोष्टच सोडा.

मी रुसलो आणि म्हणालो, "तात्यासाहेब, तुमच्या मोटारीचा कार्बन काढू द्या."

माझे सासरे तात्यासाहेब सांगलीत वकिली करत. साक्षीदार काहीही बोलला तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही अशी त्यांची ख्याती होती. त्या दिवशी मात्र त्यांचा हात खिशात गेला होता तो तिथेच राहिला. खिशात अंगठीची डबी होती.

"अंगठी आहे की हो तयार," ते डबी बाहेर काढत म्हणाले.

"अंगठी नको. कार्बन."

"कार्बन म्हणजे तो कागद का हो?" माझ्या सासूबाई, माई, वाढता वाढता थांबल्या. "तो यांच्या कचेरीत रगड आहे. किती हवा?"

खरं तर रुसायचा मुहूर्त पहिल्या अंघोळीच्या पंगतीचा. मी वसुबारसेलाच रुसलो होतो, कारण काम चार दिवसांचं होतं. लढाई नुकतीच संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं. लढाईच्या वर्षांत तात्यासाहेबांनी गाडीला पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळून पाजलं होतं. कंदिलाच्या काचेला काजळी धरते तशी त्या गाडीच्या इंजिनात आतून काजळी धरली होती. तोच कार्बन. गाडी सपाटीवर खोकायची, चढावर धापा टाकायची आणि उभी राहिली की बंद केल्यावरही दोन-चार उचक्या द्यायची. यावर उपाय एकच. इंजिनाचं झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह बाहेर काढायचे, सगळी काजळी खरवडायची आणि परत होतं तसं बसवायचं. सांगलीचा मिस्त्री दिवाळीसाठी गावी गेला होता. आणि घरात माझ्यासारखा माणूस असताना मिस्त्री हवा कशाला?

मी लढाईत लष्कराच्या मोटार डेपोत होतो. हे वाक्य मी आमच्या साताऱ्यात आणि सांगलीत इतक्या वेळा म्हटलं होतं की लोकांना मी रणगाडे उघडून जोडत असे असं वाटायचं. मी ते वाटू देत असे. डेपोत मी कोठीवर होतो. खिडकीतून नट पिळायचे पाने द्यायचे आणि संध्याकाळी खिडकीतून परत घ्यायचे. पण माझं मत असं की ज्याच्या हातातून इतके पाने गेले त्याच्या हातात थोडी विद्या राहणारच.

"अहो, तुम्हाला येतं का हे?" माझ्या बायकोने, सुमतीने, आत बोलावून विचारलं.

"येतं म्हणजे काय! मी लढाईत होतो."

"लढाईत तुम्ही कोठीत होता."

"कोठीसुद्धा लढाईतच होती."

बाहेर तात्यासाहेब माईंना हळू आवाजात विचारत होते, "दिवाळसणाला नाही म्हणता येत नाही ना?" माई म्हणाल्या, "एकुलत्या एका मुलीचा नवरा आहे. शोभतं का?" तात्यासाहेबांनी डबी पुन्हा खिशात टाकली आणि मला म्हणाले, "जावईबापू, एकच सांगतो. भाऊबीजेला मला उंब्रजला अक्काकडे पोचायचं आहे."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन उंब्रजला गेली ती तिथलीच झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वर्षात एकच सण ती करायची, भाऊबीजेचा. त्या दिवशी सकाळपासून तोंडात पाण्याशिवाय काही घालायची नाही. संध्याकाळी बीजेची कोर दिसली की आधी चंद्राला ओवाळायचं, मग भावाला, आणि मग जेवायचं. ज्या बाईचा भाऊ येत नाही ती चंद्रालाच भाऊ मानते आणि तेवढ्यावर जेवते. पण अक्कांनी सांगून ठेवलं होतं, "माजा भाऊ जित्ता हाय तवर मी चंद्राला भाऊ म्हननार न्हाई. न्हाई आला तर उपाशी ऱ्हाईन." तात्यासाहेबांनी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. पेट्रोल नव्हतं तेव्हा ते कोळशावर चालणाऱ्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसून, तोंड काळं करून गेले होते.

"भाऊबीजेला मी तुम्हाला उंब्रजला असा नेतो," मी म्हणालो, "की पोटातलं पाणी हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतराचा काचा मारला आणि गाडी उघडली. नट सुटत गेले तसा माझा आत्मविश्वास वाढत गेला. (सोडणं सोपं असतं. डेपोत अडचण नेहमी बसवताना यायची, असं खिडकीतून ऐकू येई.) झाकण निघालं, आतली काजळी बघून मला खरोखर आनंद झाला. इतका कार्बन मी डेपोतही पाहिला नव्हता. डेपोत मी पाहिलाच नव्हता.

आता सामान ठेवायला भांडी हवी होती.

"माई, एक मोठी परात मिळेल?"

"घ्या हो."

"आणि एक पातेलं? व्हॉल्व्ह भिजवायला."

"घ्या ना."

"खरवडायला उलथनं? आणि तो चकल्यांचा झारा?"

"घ्या," माई म्हणाल्या. आवाज थोडा बारीक झाला होता. घरात चकल्यांचं पीठ भिजवून तयार होतं आणि त्या देवघरातल्या पळीने चकल्या उलटत होत्या, असं मला नंतर सुमतीने सांगितलं. पण जावयाला कोण नाही म्हणणार?

दुपारपर्यंत झाकण, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा असा सगळा ऐवज खरवडून, घासून परातीत मांडला. इंजिनाच्या आतही झारा फिरवून घेतला. परात ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसलो. बासुंदी होती. जावयाला पहिली वाटी विचारून वाढतात, दुसरी न विचारता आणि तिसरी हात धरून. त्यानंतर मी आडवा झालो, आणि जे घडलं ते मी झोपेत असताना घडलं, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

लढाईत कथील मिळेनासं झालं होतं. त्यामुळे कित्येक वर्षं कुणाच्या घरी भांड्यांना धड कल्हई झाली नव्हती. पितळेच्या भांड्यात ताक ठेवावं तर कळकायचं, आमटी ठेवावी तर हिरवी व्हायची. त्या दिवाळीला कथील पुन्हा बाजारात आलं आणि उस्मानभाई कल्हईवाले गल्लीत आले, तर बायकांनी त्यांना पाहुण्यासारखं वागवलं. माईंनी घरातली झाडून सगळी भांडी ओट्यावर काढली. माझ्या परातीशेजारी.

मग त्या चुलीपुढे चकल्या तळायला बसल्या आणि आतूनच म्हणाल्या, "उस्मानभाई, ओट्यावरचं सगळं करा. काळं म्हणून काही शिल्लक ठेवू नका."

थोड्या वेळाने उस्मानभाईंनी बाहेरून विचारलं, "बाई, ह्या पळ्या कसल्या? बिनखोलग्याच्या, चपट्या?"

"कुठल्या?"

"परातीतल्या. आठ हायत."

"त्या आमच्या जावयांच्या आहेत."

"करायच्या?"

"करायच्या म्हणजे? दुहेरी हात मारा. जावयांचं कमी पडता कामा नये."

मी उठून बाहेर आलो तर नवसागराचा पांढरा धूर गल्लीभर पसरला होता. उस्मानभाई भाता गुंडाळत होते. आणि माझ्या परातीत गाडीचे आठही व्हॉल्व्ह वरपासून खालपर्यंत चांदीसारखे चकचकत होते. त्यांच्यात तोंड बघून भांग पाडता आला असता.

दुसरा कुणी असता तर मटकन खाली बसला असता. मी परातीपुढे उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि विचार करू लागलो. (माझ्या घरच्यांचं म्हणणं, माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं अशीच, उभं राहून विचार करताना सुरू झाली.) पितळेला कल्हई लावली की ताक कळकत नाही. का? कारण मध्ये कथील असतं. मग इंजिनाला कल्हई लावली तर पेट्रोल तरी का कळकेल? कार्बन बसायला जागाच उरणार नाही. नुसता या दिवाळीचा कार्बन नव्हे, तर पुढच्या सगळ्या दिवाळ्यांचा मिटला!

"उस्मानभाई," मी म्हणालो, "भाता सोडा परत. हे झाकणही करायचं आहे. आतून."

"सायेब, उभा जलम कल्हई करतोय," ते म्हणाले, "पर मोटारीचं झाकण पयल्यांदाच हो."

"आमचंही पहिल्यांदाच."

तात्यासाहेब कचेरीतून आले तेव्हा झाकण उलटं ठेवून उस्मानभाई कापसाच्या बोळ्याने आत कथील फिरवत होते. तात्यासाहेब चपला काढायचं विसरले.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे असं असतं का?"

"विलायतेत अजून पोचलं नसेल, तात्यासाहेब."

"आणि निघालं तर?"

"तुमची आमटीची पातेली रोज चुलीवर चढतात. निघते का कल्हई?"

तात्यासाहेबांनी आता चपला काढल्या आणि ते आत गेले. या प्रश्नाला उत्तरच नाही असं मला तेव्हा वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत उस्मानभाईंनी ही बातमी गावभर केली. वकिलांच्या मोटारीला कल्हई झाली म्हणून लोक बघायला येऊ लागले. समोरचे डॉक्टर आले, मागच्या आळीतले दोन मास्तर आले. मी प्रत्येकाला झाकण उचलून आतला प्रकाश दाखवला. एका आजीबाईंनी आपला तांब्याही ओट्यावर आणून ठेवला, कारण त्यांना वाटलं कल्हई मी केली.

बसवताना थोडं जड गेलं. कल्हईच्या दुहेरी हाताने व्हॉल्व्ह अंगाने भरले होते आणि आपापल्या भोकात जाईनात. मी त्यांना घरचं तूप लावलं आणि लाकडी दांडक्याने हलके ठोकून बसवलं. दोन नट उरले. डेपोतही उरायचे. ते मी खिडकीत ठेवून दिले.

पाडव्याला सकाळी हँडल मारलं. अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली. खोकला नाही, उचकी नाही, धाप नाही. इतक्या गुपचूप चालत होती की माईंनी विचारलं, "झाली का सुरू?" तूप तापल्यामुळे धुरांड्यातून थोडा शिऱ्याचा वास येत होता, तेवढंच.

त्या रात्री तात्यासाहेब माईंना विचारत होते, "दिवाळसण भाऊबीजेला संपतो ना? सकाळी की चंद्र मावळल्यावर?"

"चंद्र मावळल्यावर. का हो?"

"सहज," तात्यासाहेब म्हणाले.

भाऊबीजेला माईंचे भाऊ त्यांच्याकडे येणार म्हणून त्या घरी राहिल्या. तात्यासाहेब, मी आणि सुमती असे तिघं निघालो. निघण्यापूर्वी तात्यासाहेब कोटाची बटणं लावत म्हणाले, "दुपारची सर्व्हिस मोटार आहे उंब्रजपर्यंत. तिनं गेलो तर?"

मी मान खाली घातली.

"नाही, नाही," ते घाईने म्हणाले, "रुसू नका. गाडीनंच जाऊ."

आणि गाडी काय धावली म्हणता! आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, पेठला मोठ्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. मी एका हाताने चाक धरलं होतं आणि दुसरा खिडकीबाहेर टाकला होता. कासेगावपर्यंत तात्यासाहेब पुढच्या दांडीला घट्ट धरून बसले होते. कराड दिसल्यावर त्यांनी दांडी सोडली. कृष्णा-कोयनेला हात जोडले आणि म्हणाले, "जावईबापू, मी तुमच्याबद्दल थोडा वेगळा विचार करत होतो. जिंकलात तुम्ही."

मागून सुमती म्हणाली, "आता गप्पच राहा हो दोघंही. उंब्रज आलं की बोला."

बायकोचं ऐकायला हवं होतं. पण कराड मागे पडलं तशी रस्त्याच्या कडेला एक गुऱ्हाळ दिसलं. चुलवाणाचा धूर, उकळत्या रसाचा वास. सूर्य अजून चांगला वर होता.

"रस घेऊ," मी म्हणालो.

"घ्या," तात्यासाहेब म्हणाले, "पण इंजिन चालू राहू द्या."

"कुपनावरचं पेट्रोल आहे, तात्यासाहेब. आणि घाबरता कशाला? अर्ध्या हँडलात सुरू होते. बघालच." मी किल्ली फिरवली.

गुऱ्हाळाचे मालक गणपतराव पलटणीतून नुकतेच परतलेले. त्यांनी रस दिला, गरम काकवी दिली, नव्या गुळाचा खडा दिला आणि मला विचारलं, "सायेब, तुमी कंच्या पलटनीत हुता?"

"मोटार डेपोत."

"म्हंजे मोटारीतलं समदं येत असंल."

"हातचा मळ आहे," मी म्हणालो. मग लढाईच्या गोष्टी निघाल्या. त्यांनी ब्रह्मदेश सांगितला, मी कोठी सांगितली (पण ब्रह्मदेशासारखी). सुमतीने दोनदा खाकरून बघितलं. गाडी तोवर छान निवली.

मी हँडल लावलं आणि जोर काढून फिरवलं. ते इतकं अलगद फिरलं की मी तोल जाऊन दिव्यावर आपटलो. पुन्हा फिरवलं. एरवी हँडल फिरवताना आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं लागतं. आता आत कुणीच नव्हतं.

गणपतरावांनी स्वतः फिरवून पाहिलं. "रिकामं जातं फिरवल्यागत वाटतंय की वो."

कारण मला त्याच क्षणी समजलं. रस्ताभर इंजिन तापलं होतं तसं कथील पातळ होऊन व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून ओघळलं होतं. गाडी उभी राहून निवली, तसं ते जिथे होतं तिथे घट्ट झालं आणि व्हॉल्व्ह जसे होते तसे, उघडे, जाम झाले. आमटीच्या पातेल्याची कल्हई निघत नाही, कारण पातेल्यात आमटी असते. रिकामं पातेलं चुलीवर विसरलं तर कल्हई वितळून गोळा होते, हे कुठल्याही सासुरवाशिणीला पहिल्या महिन्यात कळतं. माझ्या इंजिनात आमटी नव्हती.

तात्यासाहेबांनी पश्चिमेकडे बघितलं. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. गाडीतून त्यांनी अक्कांसाठी घेतलेल्या लुगड्याचा पुडा उचलला, काखेत मारला आणि उंब्रजच्या दिशेने चालायला लागले.

"तात्यासाहेब, अहो, दोन कोस आहे!"

"सकाळपासून उपाशी आहे ती," ते मागे न बघता म्हणाले.

साठीचा माणूस, पायात पंपशू, आणि मी मागे हँडल घेऊन उभा. सुमतीचे डोळे भरून आले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

गणपतरावांनी हाक मारली, "आवं वकीलसायेब, चालत कुटं निगालाय? चरकाची बैलं हायत की! गाड्या समद्या उसाला गेल्यात, पर तुमची मोटार हायच. जुंपू तिलाच."

चरकाची बैलं सोडली, दोर बांधले आणि मोटारीला जुंपली. तात्यासाहेबांना हात धरून गाडीत बसवलं. मी चाकावर बसलो. गणपतराव चाबूक घेऊन पुढे चालू लागले. बैलं निघाली, चांगली दमदार होती. आणि पहिल्या वीस पावलांतच डावीकडे वळली, वळतच राहिली आणि आम्हाला गुऱ्हाळाच्या दारात परत घेऊन आली.

"असं का होतंय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"त्येंची काय चूक न्हाई," गणपतराव म्हणाले. "चरकाची हायत. गोल फिराया शिकलीत. सरळ रस्ता त्येंस्नी ठावं न्हाई."

मग युक्ती अशी निघाली की गणपतरावांनी डाव्या बैलाची वेसण धरून त्याला उजवीकडे ओढायचं आणि मी चाक सतत उजवीकडे धरायचं. उजवीकडे ओढायला जरा विसरलं की आम्ही रस्त्यावर एक गोल काढत असू. समोरून एक सर्व्हिस मोटार आली. ती दुपारचीच, तात्यासाहेब जिनं यायचं म्हणत होते ती, उंब्रजला उतारू सोडून आता परत फिरलेली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, उतारूंनी डोकी बाहेर काढली आणि आमचा गोल पुरा होईपर्यंत सगळ्यांनी शांतपणे बघितलं. मीही त्यांना नमस्कार केला. नमस्काराला एक हात सुटला म्हणून आणखी एक गोल झाला.

सूर्य बुडाला. सुमती मागून म्हणाली, "दिसली हो कोर." डोंगराच्या थोडी वर नखाएवढी कोर होती. बीजेचा चंद्र, किती वेळ थांबणार? तात्यासाहेब तिच्याकडे बघून ओठ हलवत होते. देवाचं नाव घेत असावेत, नाहीतर माझं.

उंब्रजच्या वेशीत शिरलो तेव्हा निम्मं गाव बाहेर आलं. अक्का दाराबाहेर अंगणात ताम्हण घेऊन उभ्या होत्या. ताम्हणात निरांजन जळत होतं. बारीक, ताठ बाई, ओठ कोरडे पडलेले. त्यांनी मोटार पाहिली, मोटारीपुढची बैलं पाहिली आणि तरी जागच्या हलल्या नाहीत.

अंगण मोकळं आणि गोल होतं. बैलांना चरकाची आठवण झाली. गणपतरावांच्या हातातून वेसण सुटली, आणि बैलं तात्यासाहेबांना घेऊन अंगणात फिरू लागली. मधे अक्का निरांजन धरून उभ्या आणि भोवती आम्ही. दरवर्षी बहीण भावाला ओवाळायची. त्या वर्षी भाऊ मोटारीत बसून बहिणीला ओवाळून आला.

"तात्या," फेरा पुरा झाल्यावर अक्का म्हणाल्या, "खाली उतर. ओवाळायचं मला हाय, तुला न्हाई."

त्यांनी आधी कोरीला ओवाळलं, मग भावाला. तात्यासाहेबांनी लुगड्याचा पुडा ताम्हणात ठेवला आणि वाकून पायाला हात लावले. मग अक्का ताम्हण घेऊन बैलांकडे गेल्या, दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं, त्यांनाही ओवाळलं. म्हणाल्या, "ह्येबी माजं भाऊच. ह्येंनी आनला माज्या भावाला."

शेवटी त्या माझ्यापुढे आल्या.

"ह्यो जावई व्हय?"

"होय," तात्यासाहेब म्हणाले.

"काय येतं म्हनं ह्येला?"

तात्यासाहेबांनी डोंगराकडे बघितलं. कोर अजून बोटभर वर होती. "मोटारीचं काम," ते म्हणाले.

"मंग बैलं कशापायी?"

तेवढ्यात चंद्र मावळला. तात्यासाहेबांनी घसा खाकरला. दिवाळसण संपला होता. आता चार दिवसांचं साचलेलं बोलणं एकदम येणार म्हणून मी डोळे मिटून उभा राहिलो.

"जावईबापू," ते म्हणाले, "पुढच्या दिवाळीला जरूर या."

बस, एवढंच. केवढं मोठं मन, मी वर्षभर साताऱ्यात सगळ्यांना सांगत होतो.

पुढच्या दिवाळीला गेलो. दिवाळसण एकदाच असतो, दुसऱ्या वर्षी जावयाला कुणी काही देत नाही. तरी मी टांग्यातून पाय खाली टाकायच्या आत तात्यासाहेब पायरीवर डबी उघडून उभे होते.

"आधी हात पुढं करा. चहा मागून."

"पण यंदा कसला दिवाळसण?"

"हात," ते म्हणाले.

उजव्या हाताच्या मधल्या बोटात त्यांनी अंगठी चढवली. गेल्या वर्षीचीच, पण मोडून नव्याने घडवलेली. चांगली रुंद, वर खारकेएवढा खडा, आणि बोटात इतकी घट्ट की गेली ती गेलीच. माई कौतुकाने म्हणाल्या, "तीनदा सराफाकडे गेले हो स्वतः. माप त्यांनीच दिलं."

दुपारी जेवण झाल्यावर मी सहज गाडीपाशी गेलो. सकाळी ती सुरू झाली तेव्हा आवाज जरा जड वाटला होता. पेटीतून पाना उचलला आणि मूठ मिटू लागलो, पण मधलं बोट वाकेना.

ती अंगठी आजही माझ्या बोटात आहे. जेवताना अडत नाही, लिहिताना अडत नाही, बासुंदीची वाटीही नीट धरता येते. फक्त पाना धरता येत नाही.